नापासांचा जिल्हा

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. या यादीत आपटून उठलेली माणसंही घालायला हवीत. जिल्ह्यात त्यांचंही पीक बरं येतं.

पहिला मान वालचंद हिराचंद यांचा. 1882 मध्ये सोलापुरात जन्म, पदवी अर्धवट. 1919 मध्ये शेठजींनी भागीदारांसह ‘लॉयल्टी’ हे जुनं जहाज घेतलं आणि 5 एप्रिलला मुंबईहून थेट लंडनला धाडलं. धंद्याच्या हिशेबात जहाज साफ बुडालं. 1923 मध्ये भंगारात निघालं. त्यांची जहाजकंपनी मात्र तरंगली. आणि गंमत बघा, 5 एप्रिल हाच आपला राष्ट्रीय सागरी दिन!

पुढे त्यांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला. इंग्रज सरकारने दाद दिली नाही. त्याच खटपटीत 1939 मध्ये अमेरिकावारी झाली, विमानप्रवासात विल्यम पॉली हा विमानं बनवणारा गृहस्थ भेटला आणि 1940 मध्ये बेंगळुरूत उभा राहिला विमानांचा कारखाना. आजच्या एचएएलचं मूळ ते. मोटारीला उशीर झाला, तोवर शेठजींनी विमान उरकून घेतलं!

रणजितसिंह डिसले गुरुजींचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सुटलं, वडिलांच्या सांगण्यावरून ते डी.एड.ला गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची शाळा मिळाली, तीही गोठ्याला लागून. 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जिंकला आणि निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. इंजिनिअर झाले असते तर एवढी रक्कम वाटायला मिळाली असती का, शंकाच आहे.

बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. लहानपणी आईबरोबर बांगड्या विकल्या. 2010 मध्ये यूपीएससी हुकली, त्याच वर्षी आई गावच्या निवडणुकीत पडली. अधिकारी झाल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही, असं सांगून पोरगा निघाला. 2012 मध्ये 287 वा क्रमांक, आयएएस. निवडणुकीतल्या पराभवाचा इतका सभ्य वचपा आमच्याकडे क्वचितच निघतो.

आणि करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे. दहावी नापास! मग मराठीत एम.ए., कवितासंग्रहाला सोलापूरचाच दमाणी पुरस्कार, ‘पिस्तुल्या’ला आणि ‘फँड्री’ला राष्ट्रीय पुरस्कार. 2016 च्या ‘सैराट’ची नायिका त्यांनी अकलूजमधून शोधली. पुढच्याच वर्षी रिंकू राजगुरूचा दहावीचा निकाल टीव्हीवर ठळक बातमी झाला: 66.40 टक्के. म्हणजे दिग्दर्शकापेक्षा नायिका हुशार!