विदूषक मासा घरी आणण्यापूर्वी

घरात काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही माशांचे दुकान आढळते, आणि तेथील एखाद्या टाकीच्या तळाशी नारिंगी अंगाचे, काळ्या रुंद पट्ट्यांचे, बोटाएवढे मासे एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. दुकानदार त्यांना ‘क्लाउन लोच’ म्हणतो. क्लाउन म्हणजे विदूषक. मुलांचे पाय तेथून हलत नाहीत, आणि मागे उभ्या असलेल्या वडिलांचा हात खिशाकडे जातो. तो खिशात जाण्यापूर्वी या माशाविषयी चार गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पहिली गोष्ट ही, की दुकानात दिसतो तो मासा नव्हे, माशाचे पिल्लू आहे. चांगल्या टाकीत तो हळूहळू २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निसर्गात फूटभर लांबीचेही सापडतात. आणि आयुष्य? नीट सांभाळलेला विदूषक मासा २० वर्षांहून अधिक जगतो. पहिलीतल्या मुलाच्या हट्टासाठी आपण तो आज आणलात, तर मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही मासा आपल्या घरीच असायला हवा. बहुधा तो नसतो, कारण पुष्कळ घरांत तो पहिल्या काही महिन्यांतच दगावतो. तो का दगावतो हे समजून घेतले, की त्याला कसे जगवावे हे आपोआप कळते.

या माशाचे माहेर म्हणजे सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील नद्या. डच सैन्यातील एक डॉक्टर पीटर ब्लीकर यांनी १८५२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. २००४ साली मॉरिस कोटेला यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मानली, तेव्हापासून त्याचे नाव ‘क्रोमोबोटिया मॅक्राकॅन्थस’ असे झाले. त्यातल्या ‘मॅक्राकॅन्थस’चा अर्थ मोठ्या काट्याचा. हा काटा कोठे असतो ते पुढे येईलच.

आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढतात, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. विदूषक मासाही तसाच. पावसाळा सुरू झाला, की मोठे मासे नदीच्या वरच्या अंगाला जाऊन अंडी घालतात, आणि पिल्ले पुराबरोबर खाली सखल भागात उतरतात. तेथले कोळी ती पकडतात आणि मग ती जगभरच्या दुकानांत जातात. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन काही ठिकाणी त्यांची पैदासही होते. पण घरच्या टाकीत हा मासा सहसा विणत नाही. म्हणजे एक मेला तर दुसरा आणू, या हिशेबाने आणलेला प्रत्येक मासा पुष्कळदा दूरच्या कुठल्या तरी नदीतून कमी झालेला असतो.

आता टाकीचा विचार करू. हा कळपाने राहणारा जीव आहे. एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात दडून बसतो, खात नाही आणि झुरतो. निदान पाच-सहा तरी एकत्र हवेत. त्यांच्या बालपणापुरती चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी चालेल. तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावते. पुढे मात्र सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच अशी टाकी लागते. तिच्यात ६८० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो! त्यात काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड मिळवा. वरच्या मजल्यावरच्या घरात असे ओझे कोठे ठेवायचे, हे आधी जाणकाराला विचारलेले बरे.

तळाला गुळगुळीत बारीक वाळू घालावी. धारदार खडीने तोंडाच्या मिशा सोलतात, आणि मिशांनीच तर हा मासा अन्न हुंगतो. लपण्यासाठी मातीची मडकी, लाकडाचे ओंडके, रुंद नळाचे तुकडे ठेवावेत. नळ मात्र माशाबरोबर मोठे करीत जावे. अरुंद नळात शिरलेला मासा अडकून मरतो. वर झाकण हवेच, कारण हा चांगला उडी मारतो.

पाणी २५ ते ३० अंश सेल्सिअस, मऊ आणि किंचित आम्लधर्मी असले तर उत्तम. विहिरीचे जड पाणी असेल तर दुकानातच तशा पाण्यात रुळलेले मासे घ्यावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्याचे औषध घातल्याखेरीज ते टाकीत ओतू नये. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट पंचाईत. तेव्हा झाकणाच्या जागी जाळी लावून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेली तरी चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्यावा.

पुष्कळ मासे पहिल्या महिन्यात मरतात ते नव्या टाकीमुळे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. तो विषारी. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. हे जीवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. आज टाकी आणली, उद्या मासे सोडले, असे केले म्हणजे बिचारे मासे स्वतःच्याच विषात पोहतात. टाकी मुरू द्यावी, मगच मासे आणावेत. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळावा. नाही तर कष्टाने जमलेले जीवाणूच वाहून जायचे.

आता तो काटा. प्रत्येक डोळ्याखाली एका खाचेत तो मिटलेला असतो. मासा घाबरला, की काटा बाहेर येऊन ताठ उभा राहतो. जाळीत अडकतो, पिशवी फाडतो, हातालाही लागतो. म्हणून हा मासा जाळीने धरू नये. पाण्यात प्लॅस्टिकचा डबा बुडवून त्यात हाकलून घ्यावा. अडकलाच जाळीत, तर ओढू नये. जाळी कात्रीने कापावी. जाळीपेक्षा मासा महाग, नाही का?

याच्या काही खोड्याही माहीत असू द्या. हा मासा चक्क आडवा पडून झोपतो, कधी दगडांच्या फटीत उलटाही. नवा मालक ‘मेला, मेला’ म्हणून ओरडतो आणि काठीने डिवचू लागतो. तसे करू नये. कल्ले हलताहेत ना, मग त्याला पडू द्यावे. भांडताना त्याचा रंग फिका, राखाडी होतो आणि थोड्या वेळात पुन्हा उजळतो. खाताना ‘टक्-टक्’ असा आवाज काढतो, तो काचेबाहेरही ऐकू येतो. आवडीच्या अन्नाची ती पावती समजावी.

अन्न तळाशी बुडणारे असावे, आणि दिवे मंद झाल्यावर द्यावे. बुडणाऱ्या गोळ्या, गांडुळे, रक्तकिडे, उकडून सोललेला वाटाणा, काकडीची चकती असे पालटून पालटून घालावे. गोगलगाई हा त्याचा आवडता खाऊ. एवढ्यासाठीच एखादा मासा घेऊन जा, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण गोगलगाई वाढतात त्या आपण घातलेल्या जादा अन्नामुळे. ते कमी केले तर काम फुकटात होते. त्यासाठी २० वर्षांचा पाहुणा कशाला?

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या माशाला फार लवकर जडतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसते. हा परजीवी कातडीत शिरून वाढतो, मग गळून तळाशी पडतो आणि तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात. ती पोहत पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले, की औषध थांबवले, असे करू नये. दहा-बारा दिवस तरी उपचार चालू ठेवावा. पाणी काही तासांनी एकेक अंश करीत ३० पर्यंत न्यावे आणि हवा वाढवावी. या माशाचे खवले अगदी बारीक, कातडीत रुतलेले असतात. त्यामुळे तांब्याची किंवा मॅलेकाइट ग्रीनची औषधे त्याला सोसत नाहीत; घालायचीच तर निम्म्या प्रमाणात. सर्वांत उत्तम म्हणजे नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे. पोट खपाटीला गेलेला आणि पाठ सुरीच्या धारेसारखी दिसणारा मासा तर दुकानातच राहू द्यावा.

मासे मोठे झाले, टाकी पुरेना, म्हणून ते नदीत नेऊन सोडू नका. याच्याच कुळातला, चिमुकल्या पट्ट्यांचा ‘बोटिया स्ट्रायाटा’ हा मासा आपल्या सह्याद्रीतल्या पंचगंगेसारख्या नद्यांत राहतो. १९२० साली त्याचे वर्णन झाले आणि आज त्याची गणना जगातल्या संकटग्रस्त जातींत होते. परक्या माशाबरोबर परका रोग त्याच्या घरात जायला नको. वाढलेले मासे मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्यावेत.

तेव्हा दुकानात उभे असताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सहा फुटांची टाकी पुढेमागे ठेवायला घरात जागा आहे का? दर आठवड्याला पाणी कोण बदलणार? आणि मुले शिकायला परगावी गेल्यावर त्या माशांकडे कोण बघणार? तिन्ही उत्तरे ठाम असतील तर खुशाल सहा मासे घ्या. ते आपल्याला वर्षानुवर्षे सोबत देतील. नसतील, तर दोन फुटांच्या टाकीत गप्पी किंवा प्लॅटी सुखाने राहतात. त्याही टाकीसमोर मुले तितकीच रमतात.