प्रवाळभित्तीवरील शार्क आणि राखीव समुद्राची हद्द

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात प्रवाळ नावाचे चिमुकले जीव पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे सांगाडे रचत जातात, आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या प्रवाळभित्तीच्या आश्रयाने जी मत्स्यसृष्टी नांदते, तिच्यातील भक्ष्यसाखळीच्या वरच्या पायऱ्यांवर मध्यम आकाराचे काही शार्क असतात. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील राखी, काळ्या टोकाचा व पांढऱ्या टोकाचा शार्क, तसेच अटलांटिकच्या उष्ण पाण्यातील कॅरिबियन शार्क व नर्स शार्क या त्यांपैकी पाच प्रमुख जाती होत.

हे शार्क आज किती उरले आहेत, याचे जगभरातील पहिले सुसंगत चित्र ‘ग्लोबल फिनप्रिंट’ या प्रकल्पाने समोर आणले. लोखंडी चौकटीवर कॅमेरा बसवून, त्याच्यापुढे आमिष टांगून, ती चौकट समुद्रतळाशी सोडायची आणि नंतर चित्रफीत पाहून शार्क मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. एकच शार्क पुन्हा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून एका वेळी चित्रात दिसलेली सर्वाधिक संख्याच तेवढी धरली जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५८ देशांतील ३७१ प्रवाळभित्तींपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात एकही शार्क दिसला नाही, तर २०२३ च्या विश्लेषणानुसार वर सांगितलेल्या पाच जातींची संख्या, मासेमारी नसती तर जितकी असती तिच्या तुलनेत, ६० ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली.

ही घट एवढी खोल जाते याचे कारण शार्कच्या जीवनक्रमात आहे. अनेक मासे लाखोंनी अंडी सोडतात. राखी शार्कची मादी मात्र वयात यायलाच सात वर्षांहून अधिक काळ घेते, सुमारे वर्षभर गर्भ वाढवते आणि एका खेपेला जेमतेम एक ते सहा पिल्लांना जन्म देते. त्यामुळे परांसाठी किंवा मांसासाठी थोडेसे शार्क नेमाने पकडले गेले, तरी जन्माचे प्रमाण मृत्यूच्या प्रमाणाला गाठू शकत नाही.

यावर सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे सागरी संरक्षित क्षेत्र, अर्थात मासेमारीवर कायद्याने मर्यादा घातलेला समुद्राचा भाग. परंतु असे क्षेत्र जाहीर होणे आणि तेथील शार्क वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफने दाखवून दिले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या सागरी उद्यानात काही पट्टे मासेमारीला खुले आहेत, काहींत मासेमारीला बंदी असली तरी नौकांना जाता येते, आणि अगदी थोड्या पट्ट्यांत विनापरवाना प्रवेशच निषिद्ध आहे. २००६ मधील एका अभ्यासात राखी आणि पांढऱ्या टोकाचे शार्क प्रवेशबंदीच्या पट्ट्यांत भरपूर आढळले. मात्र केवळ मासेमारीबंदी असलेल्या पट्ट्यांतील त्यांची संख्या खुल्या पट्ट्यांहून फारशी निराळी नव्हती. चोरून होणारी मासेमारी हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे, कारण ज्या पाण्यात नौका उभी राहू शकते तेथे गळ टाकणाऱ्याला अडवणे कठीण, आणि जेथे नौका दिसणे हाच गुन्हा तेथे पहारा सोपा. एवढ्या सधन आणि सुसज्ज देशातही असे घडावे, ही बाब गंभीरपणे घेतली पाहिजे.

याची दुसरी बाजू तिमोर समुद्रातील ॲशमोर रीफवर दिसते. हे क्षेत्र १९८३ मध्ये राखीव झाले, परंतु तेथे जवळजवळ कायमस्वरूपी गस्त सुरू झाली ती २००८ पासून. २००४ आणि २०१६ मधील पाहण्यांची तुलना केली असता शार्क दिसण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढल्याचे, आणि त्यातही राखी शार्कची वाढ सर्वांत मोठी असल्याचे आढळले. कायद्याला पंचवीस वर्षांत जे साधले नाही, ते आठ वर्षांच्या पहाऱ्याने साधले. मात्र ज्यांना रोखले गेले त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणारे इंडोनेशियाचे गरीब मच्छीमारही होते, आणि त्यांच्या उपजीविकेचा विचार न करता शार्करक्षणाचा हिशेब पुरा झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पहाऱ्याइतकाच प्रश्न आकाराचाही आहे. प्रवाळभित्तीवरील शार्क बव्हंशी ठरावीक परिसरात राहत असले, तरी त्यांचा वावर कित्येक किलोमीटरचा असतो, आणि क्षेत्र अरुंद असेल तर रोजच्या फेरीतच ते हद्दीबाहेरच्या जाळ्यात सापडतात. महाराष्ट्रात १९८७ मध्ये घोषित झालेल्या, आपल्या प्रवाळांसाठी परिचित असलेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या आकाराचे क्षेत्र प्रवाळांचे रक्षण करू शकते, पण फिरत्या शार्कचे रक्षण एकट्याने करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही.

म्हणूनच पलाऊने २००९ मध्ये आणि मालदीवने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण सागरी हद्दीत शार्कच्या मासेमारीला मनाई केली, आणि पाणबुड्या पर्यटकांमुळे जिवंत शार्क तेथे उत्पन्नाचे साधनही ठरले. अशी सरसकट मनाई जेथे शक्य नाही तेथे कल्ल्यांत मासा अडकवणाऱ्या जाळ्यांवर आणि शेकडो गळ लावलेल्या लांब दोरांवर निर्बंध घालणे उपयुक्त ठरते, असेही फिनप्रिंटच्या पाहणीत दिसले. २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या परिषदेत वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नर्स शार्क वगळता या पाचांतील उरलेल्या चारही जातींचा समावेश झाला, त्यामुळे त्यांचे पर किंवा मांस परदेशी पाठवण्यास आता परवाना लागतो. मात्र जे मांस बंदरावर उतरते आणि त्याच गावच्या बाजारात विकले जाते, त्याला हा करार लागू होत नाही, आणि तेथील नियंत्रण ज्या त्या देशाच्या मत्स्यखात्यालाच करावे लागते.