छत्तीस हजारांमागे एक आमदार

2016 च्या जानेवारीत गोव्यातला माड कायद्यापुरता झाड उरला नाही. सरकारने वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला. म्हातारे, फळ न धरणारे माड पाडायला शेतकऱ्याला वनखात्याचे उंबरे झिजवावे लागू नयेत, असं सरकारचं म्हणणं. विरोधकांना वाटलं, जमिनी मोकळ्या करायचा हा डाव आहे. माडाला फांद्या कुठे असतात, इथपर्यंत वाद गेला. त्याच वर्षी गोवा फॉरवर्ड हा पक्ष निघाला. निशाणी नारळ. 2017 च्या निवडणुकीत त्याचे अवघे तीन आमदार आले, पण विधानसभा त्रिशंकू होती. तिघे मनोहर पर्रीकरांच्या सरकारात गेले, आणि वर्ष सरायच्या आत माड पुन्हा झाड झाला. वर राज्यवृक्षाचा मानही मिळाला.

बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटते. मला ती गोव्याच्या रोजच्या जगण्याची किल्ली वाटते. 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यात 40 आमदार आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे छत्तीस हजार माणसांमागे एक आमदार. महाराष्ट्रात हेच गणित जवळजवळ चार लाखांना एक असं येतं. शिवाय गोव्यातल्या छत्तीस हजारांत पोरंबाळंही आली; मतदार त्याहून कमी. 2022 मध्ये खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीतून 666 मतांनी निवडून आले. एवढी मतं एखाद्या वाड्यावरच्या लग्नात जेवून जातात. त्या लग्नाला आमदार हजर असतोच, आणि नसला तर त्याची गैरहजेरी लक्षात राहते.

म्हणून महाराष्ट्रात नगरपालिकेच्या दारात संपणाऱ्या गोष्टी इथे राज्याचा प्रश्न होतात. पहाटे सायकलच्या मागे टोपलं बांधून भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराचा पाव एका रुपयाने महागणार म्हटलं, की वर्तमानपत्रांत बातमी झळकते. पुढचा मडगार्ड पिवळा असलेली मोटारसायकल इथे रीतसर परवान्याची टॅक्सी असते आणि चालवणाऱ्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात.

फेरीबोटीचं तर विचारूच नका. दिवाडी बेटाला आजही पूल नाही. भाजीवाली, मास्तर, स्कूटरवरचा कारकून, सगळे बोटीतूनच नदी ओलांडतात, आणि ही बोट चालवतं सरकारचं नदी परिवहन खातं. पायी प्रवाशाला तिकीट नाही, दुचाकीलाही नाही. 2023 मध्ये दुचाकींना भाडं लावायचं ठरलं, ओरड झाली आणि निर्णय गुंडाळला गेला. पुलांचं मोल गोवेकराला कळत नाही असं नाही. 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा राजधानीचा सगळा भार या बोटींनीच उचलला होता.

या जवळिकीला दुसरी बाजूही आहे, आणि ती पर्यटकाला लगेच जाणवते. 2018 मध्ये गोवामाइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप सुरू झालं, तेव्हापासून टॅक्सीवाल्यांनी त्याविरुद्ध पुन्हापुन्हा आंदोलनं केली. टॅक्सीवाला हा मतदार, त्याचं घरदार मतदार. परगावच्या प्रवाशाचं इथे मत नाही. सरकार कुणाचं ऐकणार, हे सांगायला राज्यशास्त्र लागत नाही.

गोवा वेगळा राहिला तो 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलामुळे. त्यात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली आणि वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191. त्या कौलाची चर्चा आपण नेहमी भाषा आणि अस्मितेच्या अंगाने करतो. साधा हिशेब मात्र क्वचितच मांडतो. विलीनीकरण झालं असतं, तर महाराष्ट्राच्या आजच्या प्रमाणाने गोव्याच्या वाट्याला चारएक आमदार आले असते. तेरेखोल नदीपलीकडचा सिंधुदुर्ग क्षेत्रफळाने गोव्याहून मोठा आहे. त्याचे आमदार तीन. दुखणं बळावलं की तिथली माणसं आजही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात. 2018 च्या जानेवारीपासून त्या रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. नदीपलीकडे आरडाओरड झाली, मोर्चे निघाले, महाराष्ट्र सरकारला मध्ये पडावं लागलं. पण निर्णय पणजीत झाला होता, आणि ओरडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव तिथल्या मतदारयादीत नव्हतं.