शेवाळाच्या बरणीला चारी बाजूंनी उजेड

स्पिरुलिना या शेवाळाची भुकटी आता औषधाच्या दुकानात मिळते. कोळंबीच्या बीजकेंद्रांतही पिलांच्या खाद्यासाठी काचेच्या चंबूंत व बरण्यांत शेवाळ वाढवतात. घरगुती प्रमाणावर हा प्रयोग करणारे आणि अशा कामासाठी स्टँड व पेट्या बनवून देणारे पत्राकाम, काचकाम करणारे कारागीर बंधू, दोघांनाही एक अडचण हटकून येते. बरणीची दिव्याकडची बाजू तरारते, मागची मात्र अंधारात राहते. मग दुसरी ट्यूब लावली जाते आणि विजेचे बिल वाढते.

दुसऱ्या ट्यूबची गरज बहुतेक वेळा नसते. शेवाळ दाट झाले की उजेड त्यात काही सेंटिमीटरपेक्षा आत शिरत नाही. पुढच्या पेशींना झेपणार नाही इतका उजेड मिळाला, तर त्यांची वाढ उलट खुंटते. मागच्या पेशी अंधारात साठवलेलेच खाऊन दिवस काढतात. आणि बरणीच्या आजूबाजूने निघून जाणारा उजेड भिंतीवर पडून फुकट जातो. तो परत वळवायचा, एवढेच काम आहे.

इथेच बहुतेकांची चूक होते. चंदेरी कागद बरणीच्या पाठीला घट्ट चिकटवला जातो. पाणी फिके असेपर्यंत त्याचा उपयोग होतो; पण ते गडद हिरवे झाले की त्यातून पलीकडे काही पोहोचतच नाही, मग कागद परत काय पाठवणार? म्हणून परावर्तक बरणीपेक्षा रुंद हवा. तो अर्धगोल वाकवून बरणीपासून वीतभर मागे ठेवावा, म्हणजे बाजूने निसटलेला उजेड वळून पाठीवर पडतो.

साहित्य घरातलेच चालते. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियम फॉइल आणि चांगला पांढरा रंग, दोन्ही आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा ८० हून अधिक परत फेकतात. फॉइलची चकचकीत बाजू वर की मंद, यावर लोक वाद घालतात, पण फरक नगण्य आहे. फॉइल थोडी चुरगाळून मग पसरावी, म्हणजे उजेड विखुरतो. आरसा टाळावा. तो महाग पडतो आणि उजेड विखुरण्याऐवजी एकाच जागी झोत टाकतो. माझी पसंती चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाच्या पत्र्याला आहे, कारण तो पुसता येतो आणि फाटत नाही. थर्माकोलही उजेड छान पसरवतो, पण गरम दिव्याजवळ तो वितळतो व पेटतो. तो लांबच बरा.

फॉइल पाण्यात मात्र कधीही घालू नये. मी पहिल्या प्रयोगात टाकीच्या आतूनच अस्तर दिले होते. स्पिरुलिनाचे पाणी खाण्याच्या सोड्याचे, चांगलेच अल्कधर्मी असते. सोड्याने अॅल्युमिनियमचे पातेले काळे पडते हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे, मला तेव्हा सुचले नाही. फॉइलला बुडबुडे आले, भोके पडली आणि सगळे पाणी फेकावे लागले. परावर्तक नेहमी बाहेरच. फॉइलमधून वीज वाहते, म्हणून होल्डर आणि उघड्या वायरीपासूनही ती दूर ठेवावी.

पेटी बंदिस्त केली तर आत उष्णता साठते. स्पिरुलिनाला ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, ४० च्या वर त्याचे हाल होतात. तेव्हा वर-खाली हवेला वाट ठेवावी. हवेच्या पंपाने पाणी हलते ठेवणेही आवश्यक आहे, कारण मधल्या पेशी कडेला आल्याशिवाय त्यांना उजेड मिळत नाही.

गिऱ्हाईकाला पेटी देण्यापूर्वी मोजणी करून दाखवावी. मोबाइलमधील उजेड मोजणारे अॅप यासाठी पुरते. फोन बरणीच्या चारी बाजूंना, तोंड बाहेर करून धरावा आणि आकडे लिहून घ्यावेत. मग परावर्तक काढून पुन्हा मोजावे. मागच्या बाजूच्या दोन आकड्यांतला फरक गिऱ्हाईकाला स्वतःच दिसतो, आणि भावाची घासाघीस तिथेच कमी होते.