दूरदेशची नातवंडे आणि आपली मराठी

चिखली-मेहकराकडच्या एखाद्या घरातले लेक-जावई अमेरिकेत नोकरीला असतात. फोनवर नातू दिसतो, हसतो; पण आजीने ‘जेवलास का रे बाळा?’ विचारले, की उत्तर इंग्रजीत येते. आजीचा चेहरा उतरतो. दोष कुणाचा?

लेकराचा नाही, आईबापाचाही नाही. तिथे आजी-मावशी हाताशी नसते. दोघेही कामावर, लेकरू दिवसभर पाळणाघरात. जी भाषा जास्त कानी पडते, तीच लहान मूल उचलते.

मग मराठी शाळा काढली की भागेल? मॉरिशसकडे पाहा. १८३४ नंतरच्या काळात कोकणातून कितीतरी मजूर तिकडे गेले. त्यांच्या वंशजांना आजही सरकारी शाळांत मराठी शिकता येते. पण घरात बहुतेक क्रिओलच चालते. शाळा अक्षरे देते. बोलण्याची सवय घरानेच लावावी लागते.

तेव्हा आजी-आजोबांनो, रविवारी संध्याकाळी सातला फोन लावा. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेआठ-साडेनऊ असतात. लेकराची परीक्षा घेऊ नका, चुकले तर हसू नका. सिंदखेडराजाच्या जिजाऊंची गोष्ट सांगा, गोठ्यातले वासरू दाखवा. आणि गुरुजी, जुलैत ते लेकरू सुटीवर गावी आले, तर चार दिवस वर्गात बसू द्या. सवंगड्यांत जीभ लवकर सुटते.

उत्तर इंग्रजीत आले तरी आपण मराठीतच बोलत राहावे. आज ते नुसते ऐकेल; ऐकता ऐकताच एक दिवस बोलू लागेल.