शहराचे मैलापाणी आणि हनी हिलचे शिवार

व्हिक्टोरिया राणी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आली असता पुलावरून कॅम नदीच्या पात्राकडे पाहत, पाण्यातून वाहत चाललेले हे कागदाचे कपटे कसले, असा प्रश्न तिने केला आणि कॉलेजचे प्रमुख डॉ. ह्यूएल यांनी क्षणाचाही विलंब न लावता, नदीत स्नान करण्यास मनाई असल्याच्या त्या नोटिसा आहेत, असे उत्तर दिले, ही आख्यायिका डार्विनची नात ग्वेन राव्हेरा हिने 1952 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालपणाच्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. आख्यायिका खरी की रचलेली, हा वाद निरर्थक होय; कारण ज्ञानाची गंगोत्री म्हणून ज्या नगराची कीर्ती दिगंतात पसरली होती, त्या नगराच्या मैल्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नदीवाचून दुसरी वाट नव्हती, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ही वाट बंद झाली ती 1894 साली. त्या वर्षी चेडर्स लेन येथे नदीकाठी पंपघर उभे राहिले. शहराचाच केरकचरा भट्टीत जाळून वाफ करावयाची, त्या वाफेवर हॅथॉर्न डेव्ही कंपनीची दोन प्रचंड एंजिने चालवावयाची आणि त्यांच्या बळावर शहराचा मैला उत्तरेस मिल्टन गावानजीकच्या शेतजमिनीवर नेऊन सोडावयाचा, अशी ती तजवीज होती. पुढे पाचच वर्षांनी, 1899 मध्ये, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले आणि केंब्रिजचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिलेली कॅम नदी ही अशी नुकतीच निर्मळ होऊ लागलेली नदी होती.

मैला गावाबाहेर गेला, म्हणजे प्रश्न सुटला, असे त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही. परंतु ‘गावाबाहेर’ ही जागा नकाशावर स्थिर राहत नाही. 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांनी सांडपाण्यात हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकरवी ते शुद्ध करण्याची रीत प्रसिद्ध केली, शेतावर मैला सोडण्याची पद्धत जगभर मागे पडत गेली, आणि केंब्रिजच्या उत्तर सीमेवरही शेताच्या जागी टाक्या, गाळण्या आणि गाळ कुजवून ज्वलनशील वायू काढणारी पात्रे आली. इकडे शहर आपल्या गतीने त्याच दिशेस सरकत होते. 1970 साली ट्रिनिटी कॉलेजने तेथून जवळच विज्ञाननगरी वसविली, ए-14 हा महामार्ग उत्तरेकडून गेला, 2017 मध्ये केंब्रिज नॉर्थ हे नवे रेल्वे स्थानक उघडले. आणि आजोबांच्या काळी कोणी ढुंकूनही न पाहिलेली काउली रोडवरील मैलाशुद्धीकरणाची जागा नातवंडांच्या काळी शहरातील अत्यंत मोलाच्या जमिनींपैकी एक होऊन बसली. अडचण एवढीच, की अशा केंद्राभोवती वासाचे जे वर्तुळ पडते, त्यात वस्ती करू देण्यास नगररचनाकार राजी नसतात; त्यामुळे केंद्राखालची जमीन तर अडकतेच, पण त्याच्या शेजारची जमीनही पडून राहते.

या अडकलेल्या जमिनीची किंमत इतकी का चढली, हे समजण्यासाठी इंग्लंडच्या हरित पट्ट्याचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. शहराची वाढ मर्यादेत ठेवावी आणि शहराभोवती शेतीचे कायमचे कडे असावे, ही कल्पना एबेनेझर हॉवर्डने 1898 मध्ये उद्यान-नगरांच्या आपल्या योजनेत मांडली. 1938 च्या कायद्याने लंडनभोवतीच्या मोकळ्या जमिनींना संरक्षण मिळाले, 1947 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने विकासाचा हक्क सरकारी परवानगीच्या अधीन केला, आणि 1955 साली गृहनिर्माणमंत्री डंकन सँडिस यांच्या परिपत्रकाने इतर शहरांनाही असे पट्टे आखण्यास उत्तेजन दिले. केंब्रिजपुरते बोलावयाचे तर 1950 मध्येच विल्यम होलफर्ड आणि माइल्स राइट यांनी आपल्या अहवालात, हे विद्यापीठाचे गाव आहे, याला औद्योगिक महानगर होऊ देऊ नये, असा कौल दिला होता. हरित पट्ट्याची जी पाच उद्दिष्टे आज इंग्लंडच्या राष्ट्रीय धोरणात नमूद आहेत, त्यांत ऐतिहासिक नगरांचा परिसर व स्वभाव जपणे हे एक आहे, आणि केंब्रिजला ते नेमके लागू पडते. पट्ट्यात अनुचित बांधकाम करावयाचे तर ‘अत्यंत विशेष परिस्थिती’ सिद्ध करावी लागते आणि होणाऱ्या हानीहून लाभ स्पष्टपणे अधिक आहे, हे दाखवावे लागते.

येथेच या प्रकरणातील पहिला विरोधाभास दडलेला आहे. हरित पट्ट्याने शहराची हद्द बांधली, विद्यापीठाने व त्याच्या आधाराने वाढलेल्या उद्योगांनी माणसे ओढून आणली, आणि या दोहोंच्या कात्रीत हद्दीच्या आतील जमीन इतकी महाग झाली, की चालू स्थितीतील एक अवाढव्य मैलाशुद्धीकरण केंद्र पाडून ते दुसरीकडे नव्याने बांधणे हाही कोणाला व्यवहार्य हिशेब वाटू लागला. आणि ते दुसरीकडे म्हणजे कोठे, तर त्याच हरित पट्ट्यात. पट्ट्याने निर्माण केलेला दाब शेवटी पट्ट्यावरच येऊन आदळला.

मार्च 2019 मध्ये सरकारने गृहबांधणीस पूरक कामांसाठी ठेवलेल्या निधीतून 22 कोटी 70 लक्ष पौंडांची मंजुरी या स्थलांतरासाठी जाहीर केली. काउली रोडची जमीन अँग्लियन वॉटर ही पाणीपुरवठा कंपनी आणि केंब्रिज नगर परिषद यांच्या मालकीची होती. ती मोकळी झाल्यावर ईशान्य केंब्रिजमध्ये एकूण 8,350 घरे आणि सुमारे 15,000 रोजगार यांची वसाहत उभी राहावी, असा नियोजनाचा आराखडा होता. 2020 च्या उन्हाळ्यात कंपनीने तीन पर्यायी जागा लोकांपुढे ठेवल्या आणि तिन्ही हरित पट्ट्यातच होत्या. जानेवारी 2021 मध्ये तिसरी जागा मुक्रर झाली. ती ए-14 च्या पलीकडे, फेन डिटन, हॉर्निंगसी आणि स्टो-कम-क्वाय या तीन गावांच्या मधोमध असलेली, हनी हिल या नावाची शेतजमीन.

हिल म्हणजे टेकडी असे कोणी समजू नये. पूर्व इंग्लंडमधील फेन नामक दलदलीच्या सखल प्रदेशाच्या काठावर जमीन चार हात वर आली, तरी तिला टेकडी म्हणण्याचा प्रघात आहे. या मुलखाचे वैभव त्याच्या सपाटपणात आहे. येथे आकाश क्षितिजापर्यंत उतरलेले दिसते, चर्चचा मनोरा कोसभरावरून ओळखू येतो आणि सहा-सात मजली उंचीचे कोणतेही बांधकाम लपवावे म्हटले तरी लपत नाही. रोमन काळी हॉर्निंगसीच्या भट्ट्यांतून मडकी घडत आणि दूरवर जात. फेन डिटनजवळ प्राचीन मातीच्या तटबंदीचे अवशेष आहेत. बेट्स बाइट येथील जलद्वार, क्वाय फेनचे संरक्षित गवताळ रान, अँग्लसी ॲबी हा राष्ट्रीय न्यासाचा वाडा, हे सारे या शिवाराच्या पंचक्रोशीत येते. जमीनही हलकीसलकी नव्हे. सरकारी प्रतवारीत उत्तम म्हणून गणलेली, पिकाखालची.

गावकऱ्यांनी ‘सेव्ह हनी हिल’ या नावाने संघटना केली. आपल्या दारी मैला नको म्हणून ओरडणारे स्वार्थी लोक, अशी त्यांची संभावना करणे सोपे होते, आणि ती काही ठिकाणी झालीही. वास, अवजड वाहनांची वर्दळ, दिसणारी कुरूपता या तक्रारी त्यांनी मांडल्या, यातही लपविण्यासारखे काही नाही. परंतु त्यांच्या युक्तिवादाचा कणा निराळा होता. चालू केंद्र मोडकळीस आले आहे काय? त्याची क्षमता संपली आहे काय? पर्यावरणाच्या कायद्याने ते बंद करणे भाग आहे काय? कामकाजाच्या दृष्टीने स्थलांतराची निकड आहे, असा दावा खुद्द कंपनीचाही नव्हता. प्रेरणा घरांच्या जमिनीची होती. मग, गावकरी विचारीत, चांगले चालणारे केंद्र पाडून सिमेंट-पोलादाचा नवा डोलारा उभारण्यात जो कर्ब वातावरणात जाईल, जी सुपीक जमीन कायमची जाईल, जो सार्वजनिक पैसा 1989 पासून खाजगी झालेल्या कंपनीला नवे केंद्र बांधून देण्यासाठी खर्ची पडेल, त्याला ‘अत्यंत विशेष परिस्थिती’ म्हणावयाचे काय? जमिनीची मालक असलेली परिषद नियोजनाचा आराखडाही करणार, यावरही त्यांचे बोट होते.

प्रकल्पाच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नव्हते, असे समजणे अन्यायाचे होईल. केंब्रिजमधील घरभाडे परिचारिकेला, शिक्षकाला, प्रयोगशाळेतील साहाय्यकाला परवडत नाही आणि त्यांना रोज दूरवरून ये-जा करावी लागते. रेल्वे स्थानकाला लागून, शहराच्या आत, मोटारीवाचून राहता येईल अशी जागा उपलब्ध असताना ती वासाच्या वर्तुळात अडकवून ठेवणे आणि घरे मात्र दूरच्या शेतांवर बांधणे, हाही पट्ट्यावरचा घालाच होय. नवे केंद्र मातीच्या वर्तुळाकार बांधात, झाडीच्या आड बसविण्याचा, अधिक शुद्ध पाणी नदीत सोडण्याचा आणि गाळापासून मिळणारा वायू उपयोगात आणण्याचा कंपनीचा संकल्प होता. दोन्ही पक्षांना सार्वजनिक हिताची भाषा बोलण्याचा अधिकार होता, म्हणून तर हा कज्जा अभ्यासण्याजोगा.

निवाडा कोणी करावयाचा, हाही वादाचा विषय झाला. पाच लक्ष लोकसंख्येच्या भाराहून मोठी मैलाशुद्धीकरण केंद्रे 2008 च्या नियोजन कायद्यान्वये आपोआप राष्ट्रीय महत्त्वाची ठरतात. हे केंद्र त्या वर्गात आपोआप बसत नव्हते. जानेवारी 2021 मध्ये मंत्र्यांच्या खास निर्देशाने ते त्या वर्गात घातले गेले आणि निर्णय स्थानिक परिषदेकडून थेट लंडनच्या मंत्रालयाकडे गेला. 2023 मध्ये अर्ज दाखल झाला. ऑक्टोबर 2023 ते एप्रिल 2024 असे सहा महिने नियोजन निरीक्षकांपुढे चौकशी चालली. आमच्याकडे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखड्यात फेरबदल करताना ‘हरकती व सूचना’ मागविण्याची जी जाहिरात निघते, ती वाचणाऱ्यास या चौकशीचे स्वरूप उद्बोधक वाटेल: हरकतदार प्रश्न विचारतो, अर्जदाराला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते, निरीक्षक उलट प्रश्न घालतात, आणि हे सारे दप्तर सर्वांस पाहण्यास खुले राहते. गावकऱ्यांनी स्वतः वास, वाहतूक, कर्ब, भूदृश्य आणि कायदा यांचा अभ्यास करून कंपनीच्या पगारी तज्ज्ञांना उत्तरे द्यावयास लावली. स्थलांतरास कामकाजाची निकड नाही, ही गोष्ट सरकारी दप्तरात निःसंदिग्धपणे नोंदली गेली, ती या चिकाटीमुळे.

त्यानंतर सार्वत्रिक निवडणूक आली, सरकार बदलले, निर्णयाची मुदत पुनःपुन्हा वाढली आणि अखेर एप्रिल 2025 मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. हरित पट्ट्याची हानी मान्य केली गेली, पण मोकळ्या होणाऱ्या जमिनीवरील घरांचा लाभ तिच्याहून भारी ठरला. कायद्याच्या दरबारात गावकरी हरले.

आणि चारच महिन्यांनी चित्र पालटले. 2019 नंतर बांधकामाचा खर्च सारखा चढत गेला होता, मंजूर रकमेत काम होणे अशक्य झाले होते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सरकार या कामासाठी आणखी निधी देणार नाही, हे उघड झाले. योजना थांबली. हनी हिलचे शिवार वाचले. ज्या घरांसाठी एवढा खटाटोप झाला, त्यांचा मोठा भाग पुन्हा अनिश्चिततेत पडला.

गावकऱ्यांचा हा विजय म्हणावा, तर त्यांच्या युक्तिवादाने तो मिळालेला नाही. मंत्र्यांनी लाभ-हानीची जी तुलना केली, ती खोटी आहे असे कोणी ठरविले नाही. खजिन्याने फक्त पैसे देण्याचे नाकारले. उद्या व्याजाचे दर उतरले, दुसरा निधी निघाला, एखाद्या अर्थमंत्र्याला केंब्रिजच्या भरभराटीचा नव्याने ध्यास लागला, की हेच तराजू पुन्हा मांडले जाईल आणि विरोधकांपाशी अनुकूल असा एकही निवाडा नसेल. उलट पक्षी, घरांची गरज असणाऱ्यांच्याही हाती काही आले नाही: सहा वर्षे सारी योजना एकाच जमिनीवर, एकाच निधीवर टांगून ठेवल्यामुळे काउली रोडचे केंद्र जागेवर ठेवून, त्यावर आच्छादने घालून, वासाचे वर्तुळ आकुंचित करून जेवढी घरे बसतील तेवढी आधी बसवावीत, हा मधला मार्ग कोणी मनावर घेतला नाही.

1894 साली मैला मिल्टनकडे नेताना शहरापुढे खरी निकड होती, कारण नदी मरत होती; मिल्टनच्या शेतकऱ्यांना तो भार सोसावा लागला, तरी त्या भाराला सार्वजनिक आरोग्याचे सबळ कारण होते. 2019 साली तशी निकड नव्हती, होती ती जमिनीच्या भावाची ओढ. शहराचा मैला कोणी वाहावा, हा प्रश्न कोणत्याही देशात टळत नाही, आणि तो वाहणारे गाव नेहमी शहराहून दुबळेच असते; म्हणूनच त्या गावावर भार टाकण्यापूर्वी तो टाकणे भाग आहे काय, हा प्रश्न जागेची निवड, निधीची मंजुरी आणि नकाशावरच्या घरांचे आकडे या सर्वांच्या आधी विचारला गेला पाहिजे. हनी हिलच्या लोकांनी तो विचारला खरा. पण त्यांना तो विचारण्याची संधी मिळाली ती मंजुरी जाहीर झाल्यानंतर आणि जागा ठरल्यानंतर, आणि या साऱ्या प्रकरणातील मूळ दोष तोच आहे.