मृगापूर्वीची बेगमी

रोहिणीची एखादी सर शिंपडून गेली की बी-बियाण्यांच्या दुकानांत दुधी, भेंडी, कारली यांच्या पुड्यांसाठी झुंबड उडते. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर भाजीपाला करू पाहणाऱ्या गृहस्थाने त्या वेळी जागे होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, कारण शेतकऱ्याला जमीन वाडवडिलांकडून मिळते आणि गच्चीवरच्या माणसाला ती स्वतःच निर्माण करावी लागते.

ही निर्मिती फाल्गुनात, आवारातील पर्जन्यवृक्षाची पाने झडू लागताच, आरंभावी. वांद्र्याच्या डॉ. रमेश दोशी यांनी उसाची चिपाडे पिंपांत भरून शहरी शेतीचा पायंडा पाडला; प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर यांच्या विचारांतून ‘अमृतमाती’ची पद्धत पुढे आली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा निकाल लावता लावता प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग उभी केली. या तिन्ही उद्योगांत विकतच्या मातीचे प्रयोजन जवळजवळ नव्हते, हे विशेष.

अमृतमातीची कृती खर्चिक नाही, वेळखाऊ मात्र आहे. १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ १० लिटर पाण्यात कालवून, रोज ढवळीत, तीन दिवस ठेवावे. मग त्यात दसपट पाणी घालून वाळलेली पाने त्यात एक दिवस बुडवावीत आणि मुठीमुठीने माती भुरभुरीत, पायांनी दाबीत, त्यांचा ढीग रचून तो झाकावा. आरे वसाहतीत तबेले अद्याप असल्यामुळे शेणाची ददात नाही; गोमूत्राची तजवीज मात्र आधी करावी, कारण तेथे राज्य म्हशींचे आहे. दर आठवड्यास खालीवर केलेला हा ढीग महिन्याभरात काळसर होतो. त्यावर कडधान्ये, तृणधान्ये, मसाल्याची बियाणी अशी सरमिसळ पेरून ती रोपे २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी कापून त्याच मातीत मिसळावयाची असतात. हा हिशेब मांडला म्हणजे फाल्गुनाचा आग्रह का, ते उमगते.

एक घनफूट ओली माती सुमारे ५० किलो भरते. पाचोळ्याची माती त्या मानाने पुष्कळ हलकी. तथापि गच्चीचा मामला केवळ वजनाचा नसतो. गळती हा सोसायटीच्या दप्तरातील सनातन वाद असल्यामुळे जलरोधक थराची तपासणी आणि कार्यकारिणीची लेखी परवानगी, ही दोन्ही कामे पहिले पिंप वर चढण्यापूर्वी उरकावीत, आणि पिंपे विटांवर ठेवून पन्हळीकडे जाणारी वाट मोकळी राखावी.

सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. तेव्हा आपल्या बागेस पाण्याच्या अभावापेक्षा त्याच्या अतिरेकाचेच भय अधिक. पिंपाच्या बुडाशी भरपूर भोके, मातीवर पाचोळ्याचे आच्छादन, आणि निवड पडवळ, दोडका, घोसाळे, काकडी, भेंडी, अळू यांची. मेथी-कोथिंबीर आणि टोमॅटो यांचा मोह नवरात्रापर्यंत आवरावा, नाहीतर निम्मी रोपे मुळाशी कुजतात.

दुधी लावणाराने आणखी एक काम अंगावर घ्यावे. त्याची पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि परागीकरण मुख्यतः निशाचर पतंगांवर अवलंबून असते. उंच मजल्यावर हे पाहुणे क्वचितच फिरकतात. यास्तव दिवेलागणीस लांब देठाचे नरफूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि ज्या फुलाखाली बोटाएवढा लवदार दुधी दिसतो त्या मादीफुलाच्या मध्यभागी परागकोश हलकेच फिरवावा. कोवळे दुधी पिवळे पडून गळू लागले, तर खताला दोष देण्यापूर्वी हे करून पाहावे.